ठगांचा स्लीमन आणि हाडांचा स्लीमन

प्रश्न : आदरणीय मॅडम, आमच्या घरी एका नावावरून वाद पेटला आहे. जबलपूरच्या आत्याबाई म्हणतात, स्लीमन नावाच्या इंग्रज अफसराने ठग निपटून काढले, म्हणून तिकडे स्लीमनाबाद नावाचं गाव आहे. मुलगा कॉलेजात आहे. तो म्हणतो, ठग-बिग काही नव्हते, ते सगळं इंग्रजांनी रचलेलं कुभांड. त्यातच परवा वाचलं की जबलपूरला डायनोसॉरची हाडंही कुण्या स्लीमननेच शोधली. हा एकच माणूस की दोन? आणि खरं कोणाचं? जाता जाता, वरोऱ्याकडे पिसदुऱ्याला मामांचं शेत आहे. तिथे नांगरताना असे दगड निघतात. फोटो जोडला आहे. हे हाड आहे का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : माणूस एकच. मलाही हे फार उशिरा कळलं. मी भूगर्भशास्त्र शिकवायचे. ‘जबलपूर, बडा शिमला टेकडी, १८२८, कॅप्टन स्लीमन’ एवढी ओळ फळ्यावर लिहायची आणि पुढे सरकायचं, असं कित्येक वर्षं चाललं. एकदा स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर ठगांवर रंगात येऊन बोलत होते. त्यांच्या तोंडून तेच नाव, तेच गाव आणि तीच वर्षं ऐकली, आणि माझा चहा बशीतच गार झाला.

विल्यम हेन्री स्लीमनचा जन्म ८ ऑगस्ट १७८८ चा, कॉर्नवॉलमधल्या स्ट्रॅटनचा. १८०९ मध्ये तो कंपनीच्या बंगाल फौजेत आला, नेपाळच्या लढाईत गेला, आणि १८२० मध्ये त्याला मुलकी कामावर सागर-नर्मदा मुलखात धाडलं. या मुलखाचा मोठा भाग होता आपल्या भोसल्यांचा. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर जी लढाई झाली, तिच्यानंतर आप्पासाहेबांच्या हातून नर्मदेकाठ गेला. म्हणजे बर्डीवर आपण हरलो नसतो, तर नरसिंहपूरच्या कचेरीत स्लीमनची खुर्ची लागलीच नसती.

या नरसिंहपूरची गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि ती त्याला शोभा देणारी नाही, म्हणून मला जास्त खरी वाटते. १८२२ ते १८२४ तो तिथला अधिकारी होता. जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी आपल्याला कळते, या तोऱ्यात होता. पुढे कळलं की कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची टोळी नांदत होती. आणि सागर-भोपाळच्या वाटेवर एका मजलेवरची आमराई म्हणजे त्यांची माणसं मारून पुरायची ठरलेली जागा. अशा जागेला ते ‘बेल’ म्हणत. साहेबाच्या नाकाखाली सगळं चाललं होतं, बाप्पा!

हे इतकं लपून कसं राहिलं? आता नागपूरहून देवलापार, सिवनी, लखनादौन करत आपण दिवसाउजेडी जबलपूर गाठतो आणि दर तासाला घरी फोन करतो. तेव्हा माणूस निघाला की महिनोन्‌महिने त्याची खबर नसे, आणि वाटेत चार राज्यांच्या हद्दी. ठग वाटसरू बनूनच सोबत करत, तीन-चार मुक्काम एकत्र जेवत. त्यांच्यात कामं वाटलेली असत. बोलण्यात गुंतवणारा तो सोथा, रुमालाने गळा आवळणारा तो भुर्तोट, खड्डा खणणारा तो लुगहा. मग एखाद्या मुक्कामी कोणीतरी सहज तंबाखूचं नाव काढायचं. तोच इशारा. प्रेतं पुरलेली, त्यामुळे फिर्याद नाही आणि फिर्यादीही नाही. सुटीवर घरी जाणारे शिपाई इतके नाहीसे होऊ लागले, की १८१० मध्ये लष्करातूनच ताकीद निघाली : रोकड जवळ बाळगू नका, हुंडी करून न्या.

स्लीमनला वाट सापडली ती माफीच्या साक्षीदारांतून. त्यातला बडा फिरंगिया. तो हाती लागावा म्हणून आधी त्याच्या घरच्या माणसांना धरलं होतं, हेही विसरू नये. एका आमराईत स्लीमनचा तळ पडला होता. फिरंगियाने तंबूंच्या आसपासच तीन जागा दाखवल्या : इथे, इथे आणि इथे. स्लीमनचा विश्वास बसेना. माणसं लावून खणलं, तर सांगाडे. गंगेचं पाणी वाहून नेणाऱ्या कावडवाल्यांच्या खड्ड्यावर जो तंबू होता, त्यात त्याची बायको अमेली अजून झोपलेली होती. रात्रभर भलती स्वप्नं पडली, असं ती पुढे सांगत असे.

म्हणून तुमच्या मुलाला सांगा, जमिनीतून निघालेल्या सांगाड्यांना कुभांड म्हणता येत नाही. पण त्याला गप्प बसवू नका. त्याच्या शंकेत दम आहे. स्लीमनने साक्षीदारांकडून टोळ्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या, बेलांचे नकाशे काढले, त्यांच्या रामसी बोलीचा कोश केला. भूगर्भवाली म्हणून मला या टिपणांचा हेवा वाटतो. गोची पुढे आहे. १८३६ चा कायदा असा, की अमक्याने खून केला हे सिद्ध करायची गरजच नाही. तो ठगांच्या टोळीतला होता, एवढं ठरलं की जन्मठेप. आणि ते ठरवायचं बहुतेकदा दुसऱ्या ठगाच्या तोंडून, जो स्वतःचा फास चुकवायला बोलतो आहे. १५०० हून जास्त माणसं खटल्यात ओढली गेली, शेकडो फासावर, शेकडो काळ्या पाण्यावर. वंशावळीत नाव म्हणजे संशय, ही सवय सरकारला लागली आणि १८७१ मध्ये आख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा आला. तो रद्द होऊन त्या जमाती ‘विमुक्त’ ठरायला १९५२ उजाडलं. सहलीच्या यादीसाठी मी एकदा मुलांचे दाखले गोळा करत होते. एकाच्या दाखल्यावर ‘विमुक्त जाती’ होतं. बाजूच्याने त्याला निरागसपणे विचारलं, ‘कशापासून विमुक्त रे?’ तो पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी यादी पुढे वाचली. ते उत्तर मी तेव्हा द्यायला हवं होतं.

आता हाडं. १८२८ मध्ये स्लीमन जबलपूरला होता. बडा शिमला टेकडीच्या परिसरात त्याला शेपटीचे दगड झालेले मणके मिळाले. ते डॉक्टर स्पिल्सबरींच्या हातून कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप या अभ्यासकाकडे पोचले. कोणाचे, हे कोणालाच सांगता येईना, आणि त्यात नवल नाही : ‘डायनोसॉर’ हा शब्दच १८४२ चा. जीवाश्मांचा अभ्यासक लायडेकर याने १८७७ मध्ये त्या मणक्यांच्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ नाव दिलं, तोवर स्लीमनला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. मणके मधे हरवले. त्यातला एक २०१२ मध्ये कोलकात्यात भूविज्ञान सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. सरकारी कपाटातही उत्खनन करावं लागतं.

शेवटची वर्षं थोडक्यात सांगते. ग्वाल्हेर, मग १८४९ पासून लखनौला रेसिडेंट, म्हणजे अवधच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी. अवधचा कारभार सडलाय हे त्याने स्वतः फिरून लिहिलं, पण राज्य खालसा करू नका, शिपाई बिथरतील, असंही गव्हर्नर जनरल डलहौसीला बजावलं. डलहौसीने १८५४ मध्ये आपलं नागपूर गिळलं होतंच. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवधही गिळलं. त्याच महिन्याच्या १० तारखेला, मायदेशी परतताना, सिलोनजवळ जहाजावर स्लीमन वारला. त्याला समुद्रातच सोडलं. आत्याबाईंना हेही सांगा, त्यांच्याकडे याचा पत्ता नसेल.

राहिला तुमचा दगड. पिसदुरा म्हणजे माझं माहेरच म्हणा. तिथले थर जबलपूरच्याच लमेटा खडकाचे, आणि तिथे हाडांइतकंच डायनोसॉरचं शेणही दगड होऊन पडलेलं आहे. त्यातूनच २००५ मध्ये गवताचे कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं. हाड ओळखायची आमची जुनी युक्ती अशी : तुटलेली बाजू जिभेला लावायची. हाड सच्छिद्र असतं, चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. पण तुमच्या फोटोतला गोळा पिवळट तपकिरी आहे, मुठीएवढा, एका टोकाला पीळ पडून निमुळता झालेला. तसाच एक माझ्या टेबलावर तुमच्या पत्रांवर वजन म्हणून ठेवलेला असतो. सेमिनरी हिल्सवर भूविज्ञान सर्वेक्षणाच्या कार्यालयात नेऊन दाखवा. जीभ मात्र लावू नका.