चुंबकाची फुकट वीज आणि दहा हप्त्यांची ‘एफडी’

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५८, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून २८ लाख हाती येतील असा अंदाज. विजेचं बिल सरासरी २,६००, आणि पावसात वीज सारखी जाते. ओळखीतल्या कुणीतरी त्यांना ५ किलोवॉटचा ‘चुंबकीय जनरेटर’ सुचवलाय. किंमत साडेतीन लाख, डिझेल नको, ऊन नको, चुंबक कायमचा म्हणून वीजही कायमची. चवथीआधी बुकिंग केलं तर २५ हजार सूट. ११ हजार टोकन देऊन झालंय. उरलेल्या पैशांसाठी पत्नीचं सोनं गहाण ठेवू का, हा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: ‘एफडी मोडायची नाही. बँकेतल्या मॅडमनी करून दिलीय, वर्षाला २ लाख. दोनदा भरले, पुढचे सप्टेंबरात. पाच वर्षं म्हणाल्या होत्या, कागदावर दहा दिसतात. ७१ व्या वर्षी ३१ लाख मिळणार. चालेल ना?’

जनरेटरचं आधी उरकू. घेऊ नका.

सोनेतारण कर्ज १२ टक्क्यांनी धरलं तर साडेतीन लाखांचं व्याज महिन्याला ३,५००. बिल २,६००. म्हणजे यंत्र जाहिरातीबरहुकूम चाललं तरी दरमहा ९०० खिशातून, मुद्दल वेगळंच. खरं तर एवढं पुरे होतं. पण उद्या हेच यंत्र कुणी लाखभरात देऊ करेल, म्हणून पुढचंही सांगतो.

‘कायमचा चुंबक’ म्हणजे ज्याचं चुंबकत्व टिकतं तो. ते इंधन नव्हे. चाकावरचा चुंबक समोरच्या चुंबकाकडे ओढला जातो तेव्हा गती मिळते, पण तो ओलांडून पुढे जाताना तीच ओढ त्याला मागे खेचते. जेवढं मिळालं तेवढं परत. कळशी विहिरीत सोडताना रहाट आपोआप फिरतो, म्हणून भरलेली कळशी आपोआप वर येते का? चुंबक तिरके बसवा, मध्ये पत्रा घाला, अंतर कमीजास्त करा, पूर्ण फेरीची बेरीज शून्यच येते. त्यातून बेअरिंगचं घर्षण वजा. आणि वीज घ्यायला लागलात की कॉइलमधला (तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातला) प्रवाह चाकाला उलटा ब्रेक लावतो, तो वेगळा.

बरं, चुंबकात साठलेली सगळी ऊर्जा पिळून काढली तर? एक किलो उत्तम निओडिमियम चुंबकात ती ढोबळमानाने ५० ज्यूल निघेल. ५ किलोवॉटला सेकंदाला ५,००० ज्यूल लागतात. म्हणजे किलोभर चुंबक सेकंदाचा शंभरावा भाग पुरला. एका युनिटसाठी ७० टन चुंबक लागतील.

विक्रेता बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या) पंख्याचा दाखला देईल. त्यात चुंबक असतो आणि ७५ वॉटचं काम ३० वॉटमध्ये होतं, हे खरं आहे. पण तिथे वाया जाणारी वीज वाचते, नवी तयार होत नाही. व्हिडिओत फिरत्या चाकावर पेटलेल्या ९ वॉटच्या बल्बलाही भुलू नका. मोबाइलची साधी पॉवर बँक तो तीनेक तास पेटवते, आणि ती यंत्राच्या बुडात सहज मावते. पारखायचंच असेल तर यंत्र तुमच्या घरात, तुमच्या फरशीवर ठेवा, चालू करायची बॅटरी काढून घ्या, मध्ये मीटर लावा आणि २,००० वॉटचा, आपोआप बंद न होणारा हीटर २४ तास जोडा. मीटरवर ४८ युनिटं दिसली पाहिजेत. ‘हे डेमो मॉडेल आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं.

‘पेटंट’चा कागद दाखवतील तर तो अर्ज आहे की मंजुरी ते वाचा. अर्ज भरला की क्रमांक कुणालाही मिळतो. निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी वस्तू आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात तिसऱ्या कलमालाच बाद होते. अमेरिकेत १९७९ मध्ये हॉवर्ड जॉन्सन यांना अशा मोटरचं पेटंट मिळालं होतं, पण त्यातून कुणाच्या घरात दिवा लागला नाही. आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना असंच यंत्र तपासायचं आव्हान दिलं. २००९ मध्ये त्या आव्हानातून निवडलेल्या परीक्षकांनीच एकमताने सांगितलं की ऊर्जा तयार होते असं कंपनीला दाखवता आलेलं नाही.

११ हजार व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी परत मागा, नंबर ब्लॉक झाला तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि मनातून गेले असं धरा. पावसाळ्यासाठी इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पुरे. तीन बीएलडीसी पंखे, चार दिवे आणि वायफाय सात-आठ तास चालतात. सोलरला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटवर ७८ हजारांचं अनुदान आहे, पण छपरावर माडाची सावली पडत असेल तर आधी ती बघा. शिवाय साधा ऑन-ग्रिड (विजेच्या लाइनला जोडलेला) सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतो, हे विकणारे सांगत नाहीत.

आता ती एफडी. ती एफडी नाही. दरवर्षी भरायची एफडी कसली? कागद काढा. ‘प्रीमियम’ आणि ‘सम अ‍ॅश्युअर्ड’ हे शब्द दिसतील. तुम्हाला विमा पॉलिसी विकली आहे, तीही निवृत्तीच्या तोंडावरच्या माणसाला दहा हप्त्यांची. जनरेटरवाल्याने ११ हजार नेले. इथे ४ लाख गेलेत आणि १६ लाख जायचेत.

२० लाख भरून ३१ लाख, म्हणजे ‘५५ टक्के नफा’ असं मॅडमनी सांगितलं असेल. पंधरा वर्षांवर पसरलं की तो वर्षाला सव्वाचार टक्के होतो. हप्ते तुमच्या ५६ ते ६५ व्या वर्षांचे, त्यातले सहा पगार थांबल्यावरचे. २८ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ३० हजार व्याज येतं. त्यातले २ लाख हप्त्यात. सहा वर्षं तुम्ही दोघं महिन्याला अडीच हजारांवर जगणार, हे त्या शाखेत कुणीच मांडून पाहिलं नाही.

सरेंडर, म्हणजे पॉलिसी मोडून मिळेल ते घेणं, ही शेवटची पायरी; पहिली तक्रार. पॉलिसी परत करायचे ३० दिवस उलटलेत, पण फसवून विकल्याची तक्रार करता येते. कंपनीकडून प्रपोझल फॉर्मची (विम्याच्या अर्जाची) प्रत आणि पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग मागा. फॉर्मवर वार्षिक उत्पन्न कुणाच्या अक्षरात आहे, ते फुगवलंय का, पाहा. त्या फोनवर तुम्ही ‘हो, हो’ म्हटलेलं असणार, कंपनी तेच पुढे करेल. म्हणून मॅडमचे ‘एफडी’ किंवा ‘पाच वर्षं’ असं लिहिलेले मेसेज आताच जपून ठेवा. तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, प्रत बँक मॅनेजरला, मागणी एकच: पूर्ण ४ लाख परत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही.

तिथेही जमलं नाही तर दोन आकडे लेखी मागा: आजची सरेंडर किंमत आणि पेड-अप किंमत. दोन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर किंमत साधारण ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल तर नव्या नियमांनी जास्त मिळू शकते. पेड-अप म्हणजे पुढे काही भरायचं नाही, मुदतीअखेर कमी रक्कम घ्यायची. सरेंडरच्या आकड्याला २.४ ने गुणा (७ टक्क्यांनी १३ वर्षांत पैसा तेवढा होतो). १ लाख २० हजारांचे २ लाख ९० हजार होतात. पेड-अपची रक्कम त्याहून मोठी असेल तर पेड-अप करा, नाहीतर सरेंडर. उरलेले आठ हप्ते दरवर्षी ७ टक्क्यांवर ठेवलेत तर ७१ व्या वर्षी तेच ३१ लाखांच्या आसपास जातात, सरेंडरचे पैसे वर. म्हणून ‘एवढे भरलेत, तर आता पूर्ण करू’ या वाटेला जाऊ नका.

सप्टेंबरच्या हप्त्यावर ३० दिवसांची सवलत असते, तोवर विमा चालू राहतो. ‘सर, पॉलिसी बंद पडेल’ असा फोन येईल, येऊ दे. मात्र बँकेत जाऊन ऑटो डेबिटची सूचना याच आठवड्यात रद्द करा आणि शिक्क्याची पोच घ्या, नाहीतर तक्रार लिहीत असतानाच खात्यातून तिसरे २ लाख जातील.