देश बदलला, करनिवास बदलला का?

कमी कर असलेल्या देशात मुक्काम हलवायचा आणि लॅपटॉपवरचे जुनेच काम तिथून चालू ठेवायचे, या बेतातल्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक पुढे देत आहोत.

प्रश्न : जुन्या देशात वर्षाला १८३ दिवस भरू दिले नाहीत की तिथला कर सुटतो, असे सगळेच सांगतात. खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे, आणि लोक अडकतात ते उरलेल्या अर्ध्यात. १८३ दिवस भरले की बहुतेक देश तुम्हाला करनिवासी, म्हणजे करापुरते आपले रहिवासी, धरतात. भरले नाहीत म्हणून सोडतीलच, असे मात्र नाही. जर्मनीत हवे तेव्हा जाऊन राहता येईल असे घर स्वतःकडे ठेवले, तर तेवढ्यावरही करनिवास टिकू शकतो. दिवस मोजायची वेळच येत नाही.

ब्रिटन दिवसांसोबत तुमचे तिथले धागेदोरेही मोजते. मागच्या तीनपैकी एखाद्या करवर्षात तुम्ही तिथले निवासी असाल, तर पाच धागे तपासले जातात : जोडीदार वा लहान मुले, राहायची जागा, तिथे केलेले काम, आधीच्या दोनपैकी एखाद्या वर्षातला ९० दिवसांहून जास्त मुक्काम, आणि इतर कुठल्याही एका देशापेक्षा ब्रिटनमध्ये जास्त राहणे. चार धागे शिल्लक असतील तर १६ दिवसही पुरतात. तीन असतील तर ४६, दोन असतील तर ९१ आणि एकच असेल तर १२१. परदेशात सलग पूर्णवेळ काम असेल, ब्रिटनमधला मुक्काम ९० दिवसांपर्यंतच असेल आणि त्यात कामाचे दिवस ३० च्या वर नसतील, तर धागे मोजलेच जात नाहीत. दुरून काम करणाऱ्या नोकरदारांच्या खऱ्या उपयोगाची तरतूद हीच आहे.

अमेरिकेचे गणित वेगळे. तिचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक कुठेही राहत असला, तरी जगभरच्या उत्पन्नावर तिथला कर लागू होतो. इतरांसाठी चालू वर्षाच्या दिवसांत मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश दिवस मिळवतात आणि बेरीज १८३ झाली का ते पाहतात. दरवर्षी १२० दिवस राहणाऱ्याची बेरीज १२० + ४० + २० म्हणजे १८०, तो सुटला. १२६ दिवस राहणाऱ्याची १२६ + ४२ + २१ म्हणजे १८९, तो अडकला. मग दुसऱ्या देशाशी आपले नाते अधिक घट्ट आहे, हे वेगळा फॉर्म भरून दाखवत बसावे लागते.

‘दिवस’ म्हणजे काय, हेही देशागणिक बदलते. ब्रिटन साधारणपणे मध्यरात्री तुम्ही कुठे होता ते पाहते. त्यामुळे विमान रात्री अकराला उतरले की साडेबाराला, यावर एक दिवस वाढतो किंवा वाचतो. अमेरिकेत दिवसाचा थोडासा भाग गेला तरी सहसा तो पूर्ण दिवस धरतात. करवर्षही सगळीकडे जानेवारीत सुरू होत नाही. ब्रिटनचे ६ एप्रिलला सुरू होते, भारताचे १ एप्रिलला. दोन देशांची दोन वर्षे एकाच तक्त्यात मोजली की बेरीज हमखास चुकते.

प्रश्न : संयुक्त अरब अमिरातीचा निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी हातात आहे. आता मी तिथला करनिवासी झालो ना?

उत्तर : नाही. व्हिसा म्हणजे राहण्याची परवानगी. करनिवास वेगळ्या निकषांवर ठरतो. १ मार्च २०२३ पासून लागू असलेल्या तिथल्या नियमांनुसार सलग बारा महिन्यांत १८३ दिवस राहिलात तर तुम्ही करनिवासी. निवासी परवाना असेल आणि तिथे कायमची जागा किंवा नोकरी-धंदा असेल, तर ९० दिवसही चालतात. नेहमीचे राहते घर आणि आर्थिक-कौटुंबिक व्यवहारांचे केंद्र तिथेच असणे, हा तिसरा मार्ग.

करनिवास प्रमाणपत्र फेडरल टॅक्स ऑथॉरिटीच्या एमाराटॅक्स पोर्टलवरून मिळते. पासपोर्ट, आयडी, भाडेकरार, उत्पन्नाचा पुरावा आणि देशात आल्या-गेल्याचा सरकारी अहवाल जवळ ठेवा. अर्ज करताना एक गोष्ट बारकाईने पाहा : प्रमाणपत्र देशांतर्गत नियमाखाली मागता आहात की दोन देशांतल्या एखाद्या कर करारासाठी? भारत-अमिराती करारात व्यक्तीसाठी कॅलेंडर वर्षात किमान १८३ दिवसांची अट आहे. ९० दिवसांच्या जोरावर काढलेला कागद तिथे उपयोगी पडेल असे समजू नका.

प्रश्न : दोन्ही देश मला आपला करनिवासी म्हणतात. कुटुंब मुलांच्या शाळेसाठी जुन्याच घरी आहे. मी नव्या देशात एका खोलीचा फ्लॅट भाड्याने घेतला आहे.

उत्तर : दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असेल, तर ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुना कराराच्या कलम ४ सारखी उतरंड बहुधा त्यात असते. आधी पाहायचे, कायमचे घर कुठे आहे. दोन्हीकडे असेल तर जिव्हाळ्याचे आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट आहेत. ते ठरेना तर नेहमीचा वावर कुठे, मग नागरिकत्व, आणि शेवटी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांमधली बोलणी. पायरी गाळता येत नाही. तुमचे घर दोन्हीकडे आहे, म्हणून निकाल दुसऱ्या पायरीवर लागेल. जोडीदार, मुले, बँकेची मुख्य खाती हे सगळे जुन्या देशात असेल, तर पारडे तिकडेच झुकेल. २०० दिवस नव्या देशात काढले, हा मुद्दा तिसऱ्या पायरीचा आहे आणि तिथवर प्रकरण पोचतच नाही. जुने घर त्रयस्थाला दीर्घ मुदतीने भाड्याने दिले असते, तर ते तुमचे ‘उपलब्ध घर’ राहिले नसते आणि पहिल्याच पायरीवर निकाल तुमच्या बाजूने लागू शकला असता.

करारच नसेल तर ही उतरंडही नाही. दोन्ही देश आपापल्या कायद्याने कर लावू शकतात. शून्य कराच्या देशांबाबत आणखी एक खोच आहे. कराराचा निवासी म्हणजे त्या देशात ‘करास पात्र’ असलेला माणूस. जिथे व्यक्तींवर आयकरच नाही, तिथला रहिवासी या व्याख्येत बसतो का, यावर जुना देश हरकत घेऊ शकतो. म्हणून कराराचा मजकूर स्वतः वाचा. सल्लागाराने केलेल्या गोषवाऱ्यावर विसंबू नका.

प्रश्न : पगार जुन्याच कंपनीकडून येतो. वर्षाकाठी दीड-दोन महिने परत जाऊन कार्यालयात बसावे लागते. १८३ दिवसांच्या आत आहे, म्हणजे चालेल?

उत्तर : इथे बहुतेक जण फसतात. नमुना कराराच्या कलम १५ नुसार, काम जिथे प्रत्यक्ष केले तिथे त्या कामाचा पगार करपात्र होतो. १८३ दिवसांची सूट आहे, पण तिच्या तीन अटी एकत्र पुऱ्या व्हायला हव्यात. त्यांतली एक अशी की, पगार देणारा मालक त्या देशाचा निवासी नसावा. तुमची कंपनी तर तिथलीच आहे. म्हणून सूट पहिल्या दिवसापासूनच नाही. २२० कामाच्या दिवसांपैकी ४० तिथे काढले, तर पगाराचा साधारण १८ टक्के भाग तिथे करपात्र.

कंपनीकडून शेअर मिळणार असतील तर हिशेब आणखी मागे जातो. शेअर देऊ केल्यापासून हाती पडेपर्यंत ३६ महिने गेले आणि त्यांतले २४ तुम्ही जुन्या देशात काम केले, तर दोन तृतीयांश लाभावर जुना देश हक्क सांगतो. देश सोडून वर्ष झाले असले तरीही.

नव्या देशात कंपनीचे ‘कायम आस्थापन’ (तिथे कंपनीलाच कर लागू होईल असे कामाचे ठिकाण) निर्माण होते का, हा कंपनीचा प्रश्न. पण नकार तुम्हालाच मिळतो. त्यामुळे आधी लेखी परवानगी घ्या. सामाजिक सुरक्षेची वर्गणी हा वेगळाच विषय, तो कर करारात बसत नाही.

प्रश्न : जॉर्जियात फ्रीलान्सरला एकच टक्का कर आहे म्हणतात.

उत्तर : ‘लघु व्यवसाय’ दर्जा मिळालेल्या वैयक्तिक उद्योजकाला, वर्षाला ५ लाख लारीपर्यंतच्या उलाढालीवर. नफ्यावर नाही, उलाढालीवर. शिवाय सल्लागार सेवा या दर्जातून वगळलेल्या आहेत. म्हणून बिलावर सवयीने ‘कन्सल्टिंग’ लिहू नका, आणि काम खरोखरच सल्ल्याचे असेल तर या योजनेच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : कुठेच पुरेसे दिवस राहायचे नाही, म्हणजे कुठेच करनिवासी नाही. हे जमते का?

उत्तर : कागदावर कधीकधी. बँकेत नाही. खाते उघडताना करनिवासाचा देश आणि तिथला करक्रमांक स्वतःच्या सहीने जाहीर करावा लागतो. कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्डखाली ही माहिती २०१७ पासून देशादेशांत जाते. रकाना कोरा ठेवला तर बँक नवे खाते नाकारू शकते, आणि जुन्या खात्यांचा देश पत्त्यावरून, फोन नंबरावरून ठरवू शकते.

काही कायदे तर अशांसाठीच आहेत. स्पेनचा नागरिक तिथल्या करआश्रयस्थानांच्या यादीतल्या देशात गेला, तर जाण्याचे वर्ष आणि पुढची चार वर्षे तो स्पेनचाच करनिवासी राहतो. इटलीत अशा नागरिकाने आपण खरेच गेलो आहोत हे स्वतः सिद्ध करायचे. भारताचा नागरिक दुसऱ्या कुठल्याही देशात करास पात्र नसेल आणि त्याचे परदेशी स्रोत वगळून उत्पन्न १५ लाख रुपयांहून जास्त असेल, तर तो भारताचा निवासी मानला जातो. अर्थात ‘निवासी पण सर्वसाधारण निवासी नाही’ या वर्गात, म्हणून सगळे परदेशी उत्पन्न करात येत नाही.

प्रश्न : निघण्याआधी काय उरकून घ्यावे?

उत्तर : सगळ्यात आधी स्वतःच्या कंपनीतले शेअर पाहा. जर्मनीत मागच्या पाच वर्षांत कधीही एखाद्या कंपनीत किमान १ टक्का हिस्सा असेल आणि मागच्या १२ पैकी ७ वर्षे तुम्ही तिथे पूर्ण करपात्र असाल, तर देश सोडताना ते शेअर विकलेच असे धरून नफ्यावर कर लागतो. पैसे हातात आलेले नसतात, कर मात्र देय होतो. ब्रिटनचा फटका परतताना बसतो. जाण्याआधीच्या ७ पैकी किमान ४ वर्षे निवासी असलेला माणूस ५ वर्षांच्या आत परतला, तर आधीपासून असलेली मालमत्ता बाहेर असताना विकून झालेला नफा परतल्याच्या वर्षात करपात्र होतो.

त्यानंतर रहिवासाची नोंदणी रद्द करणे, डॉक्टर, वाहन परवाना, मतदार यादी, वीजजोडणी ही कामे. फुटकळ वाटतात, पण चौकशीत वीजबिलावरचे युनिट विचारले जातात. ई-गेटमधून गेल्यावर पासपोर्टवर शिक्का पडत नाही आणि छापील बोर्डिंग पासची शाई वर्षभरात उडते. तो त्याच दिवशी स्कॅन करून तारखेच्या नावाने ठेवा.