कानाच्या सरावातील प्रश्न किती कठीण, हे कसे मोजावे?

गावातील साउंडवर बसणाऱ्या मुलांना इक्वलायझरची (आवाजातील जाड-बारीक स्वरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या साधनाची) कोणती पट्टी वाढवली आहे ते केवळ ऐकून ओळखायला शिकवताना, कोणता प्रश्न सोपा आणि कोणता कठीण हे कसे ठरवावे, असे आपण विचारले आहे. मी झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड देतो आणि शिकाऊ मुलांसाठी असे प्रश्न तयार करतो. माझे स्पष्ट मत आहे की प्रश्नाचे काठिण्य डेसिबलच्या आकड्यावरून गृहीत धरू नये, तर ऐकणाऱ्यांच्या उत्तरांवरून मोजावे.

12 डेसिबलची वाढ 3 डेसिबलपेक्षा लवकर ओळखू येते आणि तेवढीच घट वाढीपेक्षा कठीण जाते, हे खरे आहे. परंतु मूळ आवाज कोणता, यावर बरेच काही अवलंबून असते. पिंक नॉइजमध्ये, म्हणजे चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या सततच्या खरखरीत, प्रत्येक सप्तकात (हर्ट्झ दुप्पट होईपर्यंतच्या टप्प्यात) सारखीच ऊर्जा असल्यामुळे 63 हर्ट्‌झच्या पट्टीतील वाढ चटकन जाणवते, पण खंजिरी भजनाच्या ध्वनिमुद्रणात त्या जागी फारसे काही नसतेच, त्यामुळे तीच वाढ तेथे तयार कानालाही सापडत नाही. वाढवलेल्या व मूळ आवाजाची एकूण पातळी सारखी करून घ्यावी, अन्यथा मुले केवळ मोठेपणावरून अंदाज बांधतात.

नुसती टक्केवारीही फसवते. तीन पर्यायांत डोळे मिटून 33 टक्के उत्तरे बरोबर येतात, नऊ पर्यायांत सुमारे 11 टक्के. म्हणून मिळालेल्या टक्केवारीतून हा योगायोगाचा वाटा वजा करून उरलेल्याला, शंभरातून तोच वाटा वजा केलेल्या संख्येने भागावे. या हिशेबाने 60 टक्के गुण तीन पर्यायांत 40 टक्क्यांवर येतात, नऊ पर्यायांत मात्र 55 वर राहतात. शिवाय 1000 हर्ट्‌झच्या जागी 2000 सांगणारा आणि 125 सांगणारा यांची चूक सारखी नसते, तेव्हा उत्तर किती सप्तके चुकले तेही लिहून ठेवावे.

एकेका मुलाची मर्यादा शोधायची असल्यास 12 डेसिबलपासून सुरुवात करून, सलग दोन उत्तरे बरोबर आली की वाढ कमी करावी आणि एक चुकले की पुन्हा वाढवावी. ही पद्धत सुमारे 70.7 टक्के अचूकतेच्या पातळीवर स्थिरावते, हे श्रवण-संशोधक लेव्हिट यांनी 1971 मध्ये मांडले होते. भाऊबीजेनंतर नाटकांचा हंगाम सुरू होण्याआधी शांत खोलीत, एकाच हेडफोनवर ही मोजणी उरकावी. एखादा प्रश्न मुरलेले ऑपरेटर चुकत असतील आणि नवखे बरोबर सोडवत असतील, तर त्याला कठीण ठरवण्याआधी त्याचे ध्वनिमुद्रण व नोंदलेले उत्तर तपासून पाहावे.