नोकरी सोडायच्या आधी एवढं करा

ताई, नोकरी सोडून शेंगा चटणी विकायचा तुमचा विचार चांगलाच आहे, पण नोकरी लगेच सोडू नका. लोगो आणि छापील डब्यांवर आधीच पैसे घालणं ही नव्यांची नेहमीची चूक. थोडीच चटणी करा आणि अनोळखी माणसांना विका; नातेवाईक कौतुकच करणार.

हिशेबात शेंगदाणे, लसूण, तिखट सगळेच धरतात. तेल सुटेपर्यंत कांडायला जाणारा तुमचा वेळ मात्र राहतो. त्याची मजुरी धरा, मगच भाव ठरवा. सोलापुरात घरोघरी चटणी होते, केवळ एवढ्यासाठी स्वस्तात विकू नका.

- उधारी नको.
- एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची सरकारी) नोंदणी आधी.
- गड्डा यात्रेतला (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतला) स्टॉल पुढच्या वर्षी.

आठवड्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करा: डबा संपला का? राहिला असेल तर का, ते लिहून ठेवा.