मोठ्या मॉनिटरसाठी ग्राफिक्स कार्ड: आधी हातातलं तपासा

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे: जास्त रिझोल्यूशनचा, म्हणजे जास्त पिक्सेलचा (ठिपक्यांचा) मॉनिटर घ्यायचा, तर कार्ड कोणतं? माझा आग्रह एवढाच, की आहे त्या कार्डाची परीक्षा घेतल्याशिवाय नव्याची किंमत विचारायला जाऊ नका.

टिळकवाडी, बेळगाव: माझ्याकडे जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणि आय-फाइव्ह १०४००एफ प्रोसेसर आहे. २४ इंची फुल एचडी काढून २७ इंची, २५६० बाय १४४० मॉनिटर घ्यायचा आहे. मित्र म्हणतात, कार्ड बदलल्याशिवाय मॉनिटर आणूच नकोस. खरं का?

अर्धंच खरं. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, १४४०च्या पडद्यावर ३६,८६,४००. म्हणजे कार्डाचं काम पावणेदोन पटीहून थोडं जास्त वाढतं. एफपीएस, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, अगदी त्याच हिशेबाने पडत नाहीत, पण पडतात. किती, ते मॉनिटर न आणताच बघता येतं, आणि ही सोय फार थोडे लोक वापरतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये ‘डीएसआर फॅक्टर्स’ शोधा आणि १.७८ वर खूण करा. आता जुन्याच मॉनिटरवर गेमच्या सेटिंगमध्ये २५६० बाय १४४० दिसू लागेल. ते निवडून नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. जो आकडा दिसेल, साधारण तोच नव्या मॉनिटरवर मिळणार. एएमडीच्या कार्डांत हीच सोय ‘व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन’ या नावाने आहे.

मग उलटं करून बघा. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणा. तरीही एफपीएस वाढले नाहीत, तर अडलंय ते प्रोसेसरपाशी. कितीही महागडं कार्ड बसवलं तरी ते त्या आकड्याच्या फारसं वर नेणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर मॉनिटर आधी घेतला असता. गेम आतून कमी पिक्सेलवर रंगवून चित्र मोठं करायच्या दोन सोयी आहेत: एनव्हिडियाची डीएलएसएस आणि एएमडीची एफएसआर. तुमच्या कार्डावर डीएलएसएस चालत नाही, पण एफएसआर चालतं. १४४०वर एफएसआर ‘क्वालिटी’ला ठेवलं की गेम आतून १७०६ बाय ९६०वर रंगवला जातो, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी पिक्सेल. चित्र किंचित मऊ दिसतं, पण ज्या गेममध्ये ही सोय आहे तिथे दिवस निभावतात. तेवढ्या काळात पैसे साठवा आणि १६ जीबी मेमरीचं कार्ड घ्या. आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकली जातात. बिल करताना जीबीचा आकडा स्वतः वाचा. आणखी एक बारकावा: तुमचा प्रोसेसर पीसीआयई ३.० च्या पिढीतला आहे. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, लेन म्हणजे त्याच्या मार्गिका, आणि जुन्या पिढीत प्रत्येक लेन मंद असते. ५०६० टीआय आठच लेन वापरतं, ९०६० एक्सटी सोळाही वापरतं. जुन्या बोर्डावर मला दुसरं जास्त सयुक्तिक वाटतं.

वडगाव: घरात यंत्रमाग आहेत. आरएक्स ७८०० एक्सटी घेतोय. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा, यूपीएस ६०० व्हीएचा. दुकानदार दोन्ही बदलायला सांगतो. तो उगीच खर्चात पाडतोय का?

नाही, तुमच्या भल्याचंच सांगतोय. हे कार्ड एकटं २६३ वॅटपर्यंत खातं आणि एएमडी ७०० वॅटचा एसएमपीएस सुचवते. शिवाय कार्ड क्षणभर त्याहून बरीच जास्त वीज ओढतं. तेवढ्यात कमकुवत एसएमपीएस बंद पडतो आणि गेम ऐन रंगात असताना पीसी रीस्टार्ट होतो. नावाजलेल्या कंपनीचाच घ्या, आणि हार्ड डिस्कच्या पिनांवरून जोड काढून कार्डाला वीज देण्याचा जुगाड कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून गेमच्या वेळी त्याच्या पुढे जातात, मग हेस्कॉमची लाइट गेली की बॅकअप न देताच तो बसेल.

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी सुताच्या बारीक तंतूंची वाटते. मागाजवळच्या पीसीचं कॅबिनेट उघडलं की कार्डाच्या पंख्यामागे, अॅल्युमिनियमच्या पात्यांवर, पांढरट थर नमद्यासारखा बसलेला असतो. हवा आत जातच नाही, कार्ड तापतं, स्वतःचा वेग कमी करतं आणि माणूस म्हणतो कार्ड कमी पडतंय. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला धुता येणारी जाळी लावा, पीसी शक्यतो मागापासून लांबच्या खोलीत ठेवा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

निपाणी: मुलगा इंजिनिअरिंगला आहे. २७ इंची फोरके मॉनिटरच हवा म्हणतो. सध्या आरटीएक्स ३०६०, १२ जीबी आहे. घेऊन द्यावा का?

आधी तो काय खेळतो ते त्याला विचारा. व्हॅलरंटसारखे गेम असतील तर त्याला रिझोल्यूशनपेक्षा हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) हवेत, आणि कार्ड बदलायचीही गरज नाही. मोठे, देखणे गेम असतील, तर फोरकेत ८२,९४,४०० पिक्सेल आहेत, फुल एचडीच्या बरोबर चौपट. ३०६० तिथे धापा टाकेल. मॉनिटरचे पैसे एकदाच जातात, पण पुढच्या प्रत्येक कार्डाला त्याच पडद्याचं ओझं वाहावं लागतं. अभ्यासासाठी, कोड आणि आकृत्या बघायला फोरके फार सुरेख आहे, हेही खरं. तरी गेम डोळ्यांसमोर असेल तर २७ इंचाला १४४० घेऊन द्या. ३२ इंची १४४० मात्र नको: इंचागणिक पिक्सेल जवळपास २४ इंची फुल एचडीएवढेच पडतात, मग बदलून काय मिळवलं?

खानापूर: १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणला, पण ६०च दिसतात.

केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाला लावा, आणि ती डिस्प्लेपोर्टची असू द्या. मग विंडोजच्या ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’त १६५ निवडा. तो आकडा बऱ्याचदा आपोआप येत नाही.

चिकोडी: कोल्हापुरात वापरलेलं आरएक्स ६७०० एक्सटी मिळतंय. घ्यावं का?

१४४०ला १२ जीबीचं हे कार्ड अजून चांगलं आहे. पण त्या पिढीतली पुष्कळ कार्डं इथेरियमसारखी आभासी नाणी काढायला, म्हणजे मायनिंगला, राबली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ती बाजारात उतरली. मायनिंगचं म्हणून लगेच नाकारू नका, तपासून घ्या. समोर अर्धा तास गेम चालवायला लावा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा उमटतात का बघा, पंख्याचा खरखराट ऐका. मूळ जीएसटी बिल मागा आणि त्यावरचा सीरियल नंबर कार्डाच्या मागच्या स्टिकरशी ताडा. वॉरंटी बाकी आहे असं सांगितलं, तर ती दुसऱ्या मालकाला चालते का, आणि कार्ड पाठवायचं कुठे, हे कंपनीला फोन करून विचारा. ते कळेपर्यंत विसार देऊ नका.