ट्रॅव्हल नर्स व्हायला काय शिक्षण आणि किती अनुभव लागतो?

तुम्ही लिहिलंय की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, ठाण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये आठ महिने जनरल वॉर्डला आहात, अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स व्हायचंय, तर आता कुठला कोर्स करावा? मी नवी मुंबईत आयसीयूला काम करते. माझं म्हणणं, कोर्सचं नंतर बघा, आधी वॉर्ड बदला.

ट्रॅव्हल नर्स म्हणजे थोड्या मुदतीच्या करारावर वेगवेगळ्या हॉस्पिटलांत जाऊन काम करणारी नर्स. तिला बोलावतात ते माणसं कमी पडली म्हणून. अमेरिकेत हा करार बहुतेक १३ आठवड्यांचा असतो. तिथे कुणी शिकवत बसत नाही. थोडंफार ओरिएंटेशन झालं की पेशंट तुमच्या ताब्यात. म्हणून एजन्सी एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात, तोही एकाच विभागातला आणि अलीकडचा: आयसीयू, इमर्जन्सी, ओटी, लेबर रूम.

हा अनुभव म्हणजे काय ते सांगते. नाइटला ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा ताबा घेताना, नुसता कागद वाचून भागत नाही. पेशंटपासून प्रत्येक लाइन हाताने पंपापर्यंत धरत जायचं: कुठल्या पंपावर कुठलं औषध, सिंगल स्ट्रेंथ की डबल (म्हणजे औषध किती दाट भरलंय), तासाला किती एमएल, सिरिंज किती वाजता संपणार. नॉरअ‍ॅड्रिनलिनची सिरिंज पहाटे तीनला संपणार असेल तर पुढची आधीच भरून, लेबल लावून तयार हवी, कारण पंप थांबला की मिनिटांत बीपी कोसळतं. हे अनोळखी युनिटमध्ये, कुणाला न विचारता जमलं पाहिजे. असं काम शिकायला मोठं हॉस्पिटल लागतं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारखं गर्दीचं महापालिकेचं ठिकाण असो किंवा बेलापूर, नेरूळ, खारघरचं मोठं खासगी, पगार दोन हजारांनी कमी मिळाला तरी जा. फक्त बाँड लिहून घेत असतील तर त्यातली मुदत आणि रक्कम सही करण्याआधी नीट वाचा.

आता कागदपत्रं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवा. अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा, ८५ ते १५० प्रश्न, पाच तास. सेंटर मुंबईत आहे. जीएनएमवर ती देता येते, पण अमेरिकेतल्या ज्या राज्यातून अर्ज कराल तिथलं नर्सिंग बोर्ड तुमच्या थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास तपासतं, तेव्हा कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट (विषय, तास आणि मार्कांचा तपशील) आत्ताच मागून ठेवा. जमलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करा, पुढे बरीच दारं उघडतात. बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडलं तर जीव वाचवण्याचं प्राथमिक आणि पुढचं ट्रेनिंग) तर हवंच; दोन्ही दर दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं.

एक गोष्ट मात्र कोचिंग क्लासवाले स्पष्ट सांगत नाहीत आणि मला त्याचा राग येतो. इथून थेट ट्रॅव्हल नर्स म्हणून सहसा जाता येत नाही. आधी व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी तुमचं शिक्षण आणि लायसन्स तपासून मिळणारं सर्टिफिकेट), इंग्रजीची परीक्षा आणि ईबी-३ चं, म्हणजे नोकरीच्या आधारावर मिळणारं ग्रीन कार्ड, तेही एका ठरावीक मालकाकडे काही वर्षं काम करण्याच्या करारावर. ट्रॅव्हलचं त्यानंतर. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-३ ची रांग दहा वर्षांहून लांब आहे. स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही, पण तेवढी वर्षं नुसती वाट बघण्यात घालवू नका. दुबई, अबू धाबी, ब्रिटन किंवा भाषा शिकून जर्मनी, इथे लवकर जाता येतं आणि तिथला अनुभवही अमेरिकेसाठी धरला जातो.

आखातात जायचं तर डेटाफ्लो, म्हणजे कागदपत्रांची पडताळणी, लागते. डेटाफ्लोचे लोक तुमच्या जुन्या हॉस्पिटलला स्वतः विचारतात. छोट्या नर्सिंग होमकडून उत्तरच गेलं नाही म्हणून माझ्या मैत्रिणीची फाइल अडकून पडली होती. सोडताना एक्स्पिरिअन्स लेटर लेटरहेडवर घ्या. त्यात विभागाचं नाव, बेड किती, फुल टाइम होता हे आणि तारखा हव्यात, आणि ऑफिसचा चालू ईमेलही.

एजंटकडे जाण्याआधी त्याचा रजिस्ट्रेशन नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परदेशी नोकरीसाठी त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त सर्व्हिस चार्ज कायद्याने घेता येत नाही. कुणी लाखांत मागितले तर तिथूनच परत फिरा, आणि मूळ सर्टिफिकेट तर कुणाच्याच हातात ठेवू नका.