विंडोज सोडायचंय, पण गेमचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, संपला. जुना पीसी फेकायचा नाही, नवा परवडत नाही आणि गेम तर खेळायचे आहेत, अशा वाचकांचे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमबद्दलचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सातव्या पिढीचा आय५, जीटीएक्स १०६० (६ जीबी) आणि १६ जीबी रॅम आहे. विंडोज ११ या मशीनला नाही म्हणतं. लिनक्स टाकलं तर व्हॅलोरंट, जीटीए ५, एल्डन रिंग आणि सायबरपंक २०७७ चालतील का? कोणतं लिनक्स घेऊ? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एल्डन रिंग आणि सायबरपंक चालतील, जीटीए ५ अर्धा चालेल, व्हॅलोरंट चालणार नाही.

लिनक्स मिंट, उबंटू, आर्च अशा अनेक रूपांत मिळतं, म्हणून ‘कोणतं लिनक्स’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात. तो खरं तर शेवटचा. आधी आपण खेळतो त्या गेमची यादी कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे त्याचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, कोणतं ते लिहा. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोज सुरू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसतं. लिनक्सचा कर्नलच वेगळा, त्यामुळे त्याला बसायला जागा नाही. व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे लिनक्सच्या आत विंडोज चालवण्याची, पळवाट शोधू नका. ती ओळखली जाते आणि खातं धोक्यात येतं. लीग ऑफ लेजेंड्स २०२४ पर्यंत लिनक्सवर बरा चालायचा, व्हॅनगार्ड आलं आणि तोही गेला. फोर्टनाइट, पबजी, वॉरझोन, रेनबो सिक्स सीज, बॅटलफील्ड ६ हे सगळे याच रांगेत. एपेक्स लेजेंड्सचं दार ऑक्टोबर २०२४ अखेर बंद झालं.

दर वेळी अडचण तांत्रिकच असते असंही नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटनी २०२१ पासून लिनक्ससाठी सोय ठेवली आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. एल्डन रिंगने चालू केली, म्हणून तो ऑनलाइनसुद्धा चालतो. जीटीए ५ मध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं, सोय मात्र दिली गेली नाही. म्हणून स्टोरी मोड सुरू आणि जीटीए ऑनलाइन बंद. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ च्या तर थेट लिनक्ससाठी बनवलेल्या आवृत्त्या आहेत.

बाकीचे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवण्याचं काम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं प्रोटॉन करतं. २०१८ मध्ये स्टीमच्या व्हॉल्व कंपनीने ते आणलं. आत १९९३ पासून घडत आलेलं, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन आहे. गेम ग्राफिक्ससाठी डायरेक्टएक्स (डीएक्स) या विंडोजच्या भाषेत सूचना देतो, त्या लगोलग लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलल्या जातात : डीएक्स ११ पर्यंतचं काम डीएक्सव्हीके करतं, डीएक्स १२ चं व्हीकेडी३डी-प्रोटॉन. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ उघडून सगळ्या गेमसाठी प्रोटॉन चालू आहे ना, एवढं पाहा. गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर त्याचं पान वाचा, आणि तिथेही आपल्यासारखं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांचे ताजे अभिप्राय वाचा. दोन वर्षांपूर्वीचा ‘प्लॅटिनम’, म्हणजे उत्तम चालतो असा शेरा आज खरं असेलच असं नाही.

आता तुमच्या कार्डाबद्दल. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेसाठी एनव्हिडियाची ५८० ही शेवटची ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मालिका. पुढच्या मालिकांत ही कार्डं नाहीत. म्हणून सतत नवं सॉफ्टवेअर ओढणाऱ्या आर्चसारख्या लिनक्सपासून लांब राहा, नाहीतर एखाद्या अपडेटनंतर पडदा काळा होईल आणि कारण शोधण्यात रविवार जाईल. लिनक्स मिंट २२ घ्या. त्यातल्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ५८० च्या दोन नोंदी दिसतील. ‘ओपन’ लिहिलेली निवडू नका. ती ट्युरिंग, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढच्या कार्डांसाठी आहे. आणखी एक : १००० मालिकेवर डीएक्स १२ चे गेम लिनक्समध्ये विंडोजपेक्षा जाणवण्याइतके मंद चालतात. एल्डन रिंग आणि सायबरपंक दोन्ही डीएक्स १२ चे आहेत, तेव्हा सेटिंग एक पायरी खाली ठेवावी लागेल. जीटीए ५ ची जुनी आवृत्ती डीएक्स ११ ची, तिला हा त्रास फारसा नाही.

व्हॅलोरंट सोडवत नसेल तर विंडोज पुसू नका. लिनक्ससाठी वेगळी एसएसडी लावा, २५६ जीबीचीसुद्धा चालेल, आणि लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, चुकीच्या डिस्कवर जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : ड्युअल बूट केलं आहे, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोजच्या डी ड्राइव्हवरचे गेम लिनक्समधल्या स्टीमला दिसतात, पण ‘प्ले’ दाबलं की बटण क्षणभर बदलतं आणि परत ‘प्ले’ होतं. काहीच उघडत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल पद्धतीचा आहे, हेच दुखणं. त्यात दोन गोष्टी मिसळतात.

पहिली, विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्हवर आपला हक्क ठेवून जातं. लिनक्स मग तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाचं काम ठरवण्याच्या पानावर, ही खूण काढून टाका.

दुसरी जास्त चिवट. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कम्पॅटडेटा’ फोल्डरात एक खोटं विंडोज उभं करतं आणि त्यात ‘सी:’ अशा नावाचे दुवे बनवतं. नावातलं ते अपूर्णविरामाचं चिन्ह विंडोजला चालत नाही. कधी दुवा बनतच नाही, कधी बनतो आणि नंतर विंडोजची डिस्क तपासणी त्याला बिघाड समजते. कम्पॅटडेटा लिनक्सच्या डिस्कवर ठेवून तिकडे दुवा देण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती चालते, पण आम्ही सुचवणार नाही. एकाच लायब्ररीवर दोन सिस्टिमनी हात फिरवले की कधीतरी फायली बिघडतात.

सरळ मार्ग : ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) करा आणि स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’खाली ते जोडा. १५० जीबीचा गेम पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही. जुन्या लायब्ररीत ‘स्टीमअ‍ॅप्स’मध्ये ‘कॉमन’ फोल्डर असतं. त्यातलं गेमचं फोल्डर नव्या लायब्ररीच्या ‘कॉमन’मध्ये नाव न बदलता कॉपी करा. मग स्टीममध्ये ‘इन्स्टॉल’ दाबून नवा ड्राइव्ह निवडा. स्टीम आधी असलेल्या फायली तपासतं आणि कमी असेल तेवढंच उतरवून घेतं.

प्रश्न : आरटीएक्स ३०५० चा लॅपटॉप, उबंटू २४.०४. विंडोजवर ६० फ्रेम देणारा गेम इथे १२-१५ देतो. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा आला, तो मी ‘कंटिन्यू’ करून पुढे गेलो. – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी, चालू असताना मशीनवर बांधलेला ड्रायव्हर सहीशिवाय कर्नलमध्ये जात नाही. त्या सहीची चावी नोंदवायला तो निळा पडदा होता. ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’ आणि तुम्ही ठरवलेला पासवर्ड, असा क्रम असतो. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो पडदा स्वतःहूनही निघून जातो. चावी नोंदली नाही, ड्रायव्हर आला नाही आणि गेम बिचाऱ्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालला.

मोकयुटिल या आज्ञेने चावी पुन्हा नोंदणीला लावा. चावीची फाइल शिम-साइन्डच्या ‘मोक’ फोल्डरात असते. नवा पासवर्ड द्या, रीस्टार्ट करा आणि या वेळी पडद्यासमोर बसून राहा. सिक्युअर बूट बंद करणं सोपं वाटेल, पण लॅपटॉपवर विंडोज ठेवलं असेल आणि डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर पुढच्या वेळी ते ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

नंतर मँगोहड बसवा. गेम चालू असताना कोपऱ्यात कोणतं कार्ड राबतंय ते ते दाखवतं. आणि उबंटूच्या अ‍ॅप सेंटरमधलं स्टीम स्नॅप या उबंटूच्या स्वतःच्या पॅकेज स्वरूपात येतं, त्याने ड्रायव्हरच्या भानगडी होतात. ते काढून स्टीमच्या संकेतस्थळावरची डेब फाइल बसवा.

प्रश्न : गेम छान चालतो, पण मधल्या व्हिडिओंच्या जागी रंगीत पट्ट्या दिसतात. – एक वाचक, सातारा

उत्तर : त्या व्हिडिओचा कोडेक, म्हणजे तो उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर, परवान्यामुळे नेहमीच्या प्रोटॉनमध्ये देता येत नाही. प्रोटॉनअप-क्यूटी हे छोटं अ‍ॅप बसवून त्यातून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची सुधारित आवृत्ती उतरवा, स्टीम बंद करून उघडा, गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’खाली ते निवडा. फक्त त्या गेमपुरतं. सगळ्यांना लावू नका.

प्रश्न : जुनं जीटीएक्स ६६० आहे. प्रोटॉनवर बहुतेक गेम उघडतच नाहीत. – एक वाचक, अकोला

उत्तर : डीएक्सव्हीकेला दुसऱ्या आवृत्तीपासून व्हल्कन १.३ लागतं आणि तुमचं कार्ड १.२ वर थांबलं आहे. गेमला प्रोटॉन ७ लावून पाहा, त्यात जुनं डीएक्सव्हीके आहे. डीएक्स ९ आणि ११ चे बरेच गेम उठतील. डीएक्स १२ विसरा. या कार्डाचा ड्रायव्हर ४७० मालिकेवर अडकला आहे, नव्या कर्नलशी तो भांडतो. वापरलेलं एएमडीचं आरएक्स ५८० (८ जीबी) कार्ड मिळालं तर घ्या. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो, वेगळं काही बसवायचं नसतं. घेण्याआधी तुमच्या एसएमपीएसला ८ पिनांची पीसीआय-ई वायर आहे का, ते कॅबिनेट उघडून पाहा.

प्रश्न : लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे असतं आणि ऑनलाइन गेम लॉगिन होत नाही. मदरबोर्डचा सेल बदलला, फरक नाही. – एक वाचक, पणजी

उत्तर : सेल बिचारा निर्दोष होता. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. म्हणून नेमका साडेपाच तासांचाच फरक. घड्याळ चुकलं की सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रं अमान्य ठरू शकतात आणि लॉगिन अडतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल आज्ञेला ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय लावून त्याची किंमत १ द्या, मग विंडोजमध्ये एकदा ‘सिंक नाऊ’ दाबा.